बटणावर उभा वड

भिजलेल्या विटेला एक वास असतो. मातीच्या वासाहून तो कोरडा, किंचित भाजका; नाकापाशी येतो आणि ओळख पटण्याआधीच मागे सरतो. अंबरनाथ पूर्वेच्या आमच्या इमारतीत मी राहायला आले, त्या पहिल्याच आठवड्यात हा वास गच्चीच्या जिन्यावरून खाली उतरला आणि त्याच्यामागून एक आवाज आला: खर्र-खर्र, मग विसावा, पुन्हा खर्र-खर्र. कोणीतरी काहीतरी चाळत होते. वाळत घालायचे कपडे हाताशी होतेच. मी वर गेले.

पाण्याच्या टाकीच्या सावलीत एक बुटके गृहस्थ उकिडवे बसले होते. पांढरा लेंगा, सदऱ्याच्या खिशाला टोचलेल्या सुया, गळ्यात शिंप्याची टेप. पुढ्यात विटांचा चुरा आणि हातात पिठाची चाळणी. मला पाहताच त्यांनी चाळणी पाठीमागे लपवली. मग मी कोणी परकी बाई आहे हे ध्यानात येऊन त्यांचे खांदे सैल झाले.

"मला वाटला देवी आली," ते म्हणाले. "चाळणी तिची हाय."

तेवढ्यात खालच्या मजल्यावरच्या खिडकीतून एक खणखणीत आवाज वर आला. "चाळणी मिळाली का तुमाला? उद्या कोकीमध्ये वीट खायला घालते!"

कोकी म्हणजे कांदा घालून केलेली जाड सिंधी पोळी, हे मला नंतर कळले. धमकी मात्र तेव्हाच पुरती कळली. हे लच्छूकाका आणि त्या देवीकाकी. उल्हासनगरच्या कॅम्प दोनमध्ये काकांचे दुकान होते. बटणे, चेन, हूक, लेस, अस्तर, दोऱ्याची रिळे, असे शिंप्यांना लागणारे सगळे सामान तिथे मिळे. वय झाल्यावर दुकान पुतण्याकडे सोपवून दोघे इकडे आली होती. देवीकाकींना बाजाराच्या गलक्यापासून शांतता हवी होती. ती अंबरनाथला इतकी मिळाली, की ती भरून काढण्यासाठी त्यांना दिवसभर बोलावे लागे.

दुकान सुटले, पण हाताला लागलेले सामान काही सुटले नाही. गच्चीवर त्यांची वीस-पंचवीस बुटकी झाडे होती: उंबर, चिंच, पिंपरी, बोगनवेल आणि सगळ्यांत जुना एक वड. या झाडांची सारी देखभाल शिंप्याच्या पेटीतून होई. मुळे विंचरायला क्रोशाची सुई. फांदी वळवायला तारेऐवजी नाडीचे इलॅस्टिक. "तार लावला की फांदी घाबरते," ते म्हणत. "इलॅस्टिक लावला की सवय करून घेते." पसरट कुंडीत झाड हलू नये म्हणून तळाच्या भोकातून तार ओवून मुळांचा गोळा बांधावा लागतो. ती तार खालून निसटू नये म्हणून काका तिच्यात कोटाचे चार भोकांचे मोठे बटण अडकवीत. त्यांचे प्रत्येक झाड असे एकेका बटणावर उभे होते. कुंडी उचलून तळ दाखवण्यात त्यांना मोठा आनंद वाटे.

"हा सफारी सूटचा बटन. आता कोणी शिवत नाय. दुकानात पडून राहिला असता. इथे बघा, चिंच सांभाळतो."

माझे शिक्षण कवितेत झालेले. झाड म्हटले की आभाळ हवे, या समजुतीत मी वाढले होते. म्हणून ओळख थोडी मुरल्यावर एकदा मी बोलून गेले, की काका, मोठे होऊ पाहणाऱ्या झाडाला असे लहान ठेवणे मला जरा निर्दय वाटते. त्यांना राग आला नाही. हातातली क्रोशाची सुई त्यांनी सदऱ्याला पुसली.

"मॅडम, मी झाडाला लहान करत नाय. झाड मोठाच हाय. जागा लहान हाय." मग म्हणाले, "आमी निर्वासितांच्या कॅम्पात, बराकीत वाढलो. एक खोली, मधे पडदा. पडद्याच्या इकडे एक घर, तिकडे एक घर. तिथेच जेवलो, तिथेच शिकलो, तिथेच बहिणींची लग्नं ठरली. आमची उंची काय कमी झाली?"

देवीकाकी चहा घेऊन जिन्याच्या दारात येऊन उभ्या होत्या. त्यांनी नवऱ्याला डोक्यापासून पायापर्यंत एकवार न्याहाळले.

"झाली ना!" त्या म्हणाल्या.

काका इतके हसले, की चहा बशीत सांडला. त्यानंतर निर्दयतेचा विषय मी कधी काढला नाही.

तो जुना वड त्यांना दुकानाच्या भिंतीत सापडला होता. पोटमाळ्याच्या बाहेरच्या भेगेत दोन पानांचे रोप उगवले, तेव्हा शेजारच्या दुकानदारांनी सल्ला दिला, की तेजाब ओत, नाहीतर भिंत फोडील. काकांनी गिऱ्हाइकांना थांबवून ठेवले, स्टुलावर चढले आणि क्रोशाच्या सुईने एकेक मूळ सोडवीत अर्धी सकाळ घालवली. गिऱ्हाइके खालून ओरडत होती आणि काका वरून सांगत होते, "घाई नाय, घाई नाय. बघून घेतो." आता त्या वडाचे खोड मनगटाएवढे झाले होते. फांद्यांवरून केसांसारख्या बारीक पारंब्या सुटल्या होत्या. संध्याकाळचे तिरपे ऊन पडले की त्याची सावली गच्चीच्या कठड्यापर्यंत पोचे, आणि सावलीत तो पूर्ण वाढलेला वड दिसे.

या वडाला देवपण दिले ते तळमजल्यावरच्या शिंदेवहिनींनी. वहिनी साताऱ्याकडच्या, त्यांचे यजमान मोरिवलीच्या एका कारखान्यात कामाला. चालत जाण्याच्या अंतरात वडाचे झाड उरले नव्हते, म्हणून वटपौर्णिमेला बायका बाजारातून फांदी आणीत. दुपारपर्यंत ती मलूल होई. "तोडलेल्या फांदीपुढं उभं राहून सौभाग्य मागायचं, हे काही मनाला पटत नाही बघा," असे वहिनी दरवर्षी म्हणत. एकदा पापड वाळत घालायला त्या गच्चीवर आल्या आणि त्या बुटक्या वडापुढे हात जोडूनच उभ्या राहिल्या.

"काका, हा वड आम्हाला एका सकाळपुरता द्याल?"

मागणी आलेल्या मुलीच्या बापासारखे काका हरखले. वटपौर्णिमेच्या पहाटे त्यांनी स्टुलावर दुकानातली मरून मखमल अंथरली, वर वड ठेवला आणि पांढऱ्या दोऱ्याचे रीळ स्वतःच्या हाताने बायकांना दिले. त्यांचा नियम एकच होता, आणि तो ते गिऱ्हाइकाला माप समजावून सांगावे तसा सांगत. "कुंडीत काय बी टाकायचा नाय. दूध, साखर, कुंकू, सगळा ताटात. आणि दोरा ढिला. शिलाई नाय, कच्चा टाका."

झाड लहान म्हणून फेराही लहान. सात प्रदक्षिणा बघता बघता संपत. देवीकाकी खुर्चीत बसून हा सोहळा पाहत आणि दरवर्षी टोमणा मारत, "आमचा तीजडीचा उपास बघा. चंद्र निघेपर्यंत पाणी नाय, दाणा नाय. तुमाला नवरा फार स्वस्तात पडतो, वहिनी!"

"काकी, आमचा देव गच्चीवर राहतो, तुमचा आभाळात," वहिनी दोरा गुंडाळता गुंडाळता म्हणत. "भाडं जास्त पडणारच."

बायका गेल्यावर काका दोरा अलगद सोडवीत, मखमल झटकून घडी करीत, आणि एखाद्या पाहुण्याला दमल्यावर पाणी द्यावे तसे वडाच्या पानांवर पाणी शिंपडीत.

पण एका वर्षी गणित चुकले. वटपौर्णिमेच्याच आठवड्यात काकांच्या मोतीबिंदूचे ऑपरेशन झाले. धूळ नको, वाकायचे नको, जिना नको, असे डॉक्टरांनी बजावले होते. आणि खाली वहिनींचे यजमान, शिंदेभाऊ, काविळीने अंथरुणाला खिळले होते. डोळ्यांचे पांढरे हळदीसारखे पिवळे झालेले. त्या सकाळी काका गच्चीवर नव्हते. मी पेपरतपासणीच्या कामाला गेले होते. जे घडले ते मला इतर बायकांनी सांगितले. शिंदेवहिनी ओलेत्याने आल्या. दूध, दही, तूप, मध, साखर असा भरलेला वाडगा त्यांनी वडाच्या बुंध्याशी रिता केला, वर हळदकुंकवाची मूठ सोडली, आणि दोरा असा आवळून गुंडाळला, जणू यमाचीच वाट अडवायची होती. कोणी अडवले नाही. त्यांच्या चेहऱ्याकडे पाहून कोणाला धीरच झाला नाही.

पंधरवडा गेला. वडाभोवती मुंग्यांची रांग लागली. पाने देठाशी पिवळी पडून गळू लागली. खाली शिंदेभाऊंचा ताप पुन्हा चढला होता. एका दुपारी वहिनी मला जिन्यात भेटल्या. त्यांच्या मुठीत गळलेली पाने होती.

"ताई, हा वड गेला तर..." एवढेच त्या म्हणाल्या. पुढचे शब्द त्यांनी पदराने पुसून टाकले.

मी कुंडीतली चिमूटभर माती कागदावर घेऊन काकांकडे गेले. काळा चष्मा लावून ते पलंगावर ताठ बसले होते. त्यांनी माती नाकाशी धरली.

"खट्टा," ते म्हणाले. "दूध गेला आत."

देवीकाकींनी हातातले लाटणे आपटले. "मी जाते आणि सांगते तिला! इतका वेळा बोलला होता, ताटात टाका, ताटात टाका!"

"काय सांगणार?" काकांचा आवाज चढला नाही. "तुझ्या पूजेनं झाड मारला? तिचा नवरा पिवळा, आपला झाड पिवळा. आता दोगांना बरा करायचा हाय. रडवायचा नाय कोणाला." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "मॅडम, वहिनीला बोलवा. सांगा, वडाला कुंडी बदलायची हाय, काकाला दिसत नाय. तिचा हात पायजे."

संध्याकाळी आम्ही वर जमलो. जिना चढायला मनाई होती, तरी काका चढलेच. देवीकाकी दंड धरून प्रत्येक पायरीवर डॉक्टरांची आठवण करून देत होत्या. त्यांना टाकीच्या सावलीत खुर्चीवर बसवले. आधी वहिनींनी दोरा कापला. सालीवर त्याचे वळ उठले होते. वहिनींनी त्यांवरून बोट फिरवले आणि ओठ घट्ट मिटले. मग खालची तार तोडून, कडेने सुरी फिरवून त्यांनी वड उपसला आणि पाण्याच्या टबात ठेवला. त्याबरोबर नासक्या दुधाचा उग्र वास सुटला.

दुधाचा वास कोणत्या गृहिणीला ओळखू येत नाही? वहिनींचे हात जागच्या जागी थिजले.

"काका," त्या म्हणाल्या, "हे माझ्यामुळं झालं."

"वहिनी, पाणी बदला," काका म्हणाले. "गढूळ झाला."

त्यांनी पाणी बदलले. पुन्हा बदलले. मी बादल्या भरून आणीत होते. टबातल्या पाण्यात वहिनी मुळे धूत होत्या आणि क्रोशाच्या सुईने विंचरत होत्या. न्हाऊन आलेल्या लेकीची वेणी घालावी तशी, गुंता दुखू न देता. काका हात पुढे करून एकेक मूळ बोटांत घेऊन पाहत. निरोगी मूळ दोरीसारखे ताठ लागे. सडलेल्याची साल चिमटीत सुटून येई. "हा राहू द्या. हा पण. हा बारीकवाला चांगला हाय." मग एक जाड, तपकिरी मूळ त्यांच्या हाती आले. बुंध्याच्या थेट खालून निघालेले. त्यांनी ते बराच वेळ धरून ठेवले.

"हा काढायला लागेल."

वहिनींनी कात्री उचलली आणि खाली ठेवली. "माझ्यानं नाही होणार, काका. ज्याच्यापुढं कुंकू मागितलं, त्याला कातरी कशी लावू?"

"वहिनी, सडला तो वड नाय. तो वडाचा आजार हाय."

"कळतं मला. पण हात उचलत नाही."

खालच्या रस्त्यावरून भाजीवाल्याची हाक आली आणि गेली. तेवढ्यात देवीकाकी पुढे झाल्या, पदर खोचला, आणि नवऱ्याच्या दुकानातली ती लांब पात्याची कात्री त्यांनी हातात घेतली.

"माझा नवरा चंद्राकडे असतो," त्या म्हणाल्या. "वड माझा कोणी लागत नाय."

एका कातरीत मूळ खाली पडले. कात्री ठेवल्यावर मात्र त्यांनी गुपचूप बुंध्याला हात लावून तो कपाळाला नेला. मी पाहिले ते त्यांनीही पाहिले आणि माझ्यावर डोळे वटारले.

पुढचे काम हलक्या हाताने झाले. खाली जेवढे कमी, वर तेवढे कमी, या हिशेबाने उरलीसुरली पाने देठ ठेवून कापली. बदलापूरच्या वीटभट्टीवरून आणलेला चुरा, जाड वाळू आणि जुने शेणखत यांचे मिश्रण नव्या कुंडीत पसरले. तार ओवायची वेळ आली तेव्हा काकांनी खिसा चाचपून एक मोठे सोनेरी बटण काढले.

"शेरवानीचा," ते म्हणाले. "नवऱ्यासाठी मागितला ना वहिनीनं? मग नवरदेवाचाच बटन लावू."

त्या दिवसात प्रथमच वहिनी हसल्या.

शिंदेभाऊ आधी बरे झाले. पेज पिऊ लागले, मग भात, मग दारात खुर्ची टाकून बसू लागले. वड मात्र काडीसारखा उभा होता. वहिनींनी त्यावर आपल्या जुन्या साडीचा आडोसा बांधला होता आणि सकाळ-संध्याकाळ त्या पाण्याचा फवारा मारायला वर येत. देवीकाकींनी एकदा टोकलेच, "नवरा तर ठीक झाला. आता कशाला जिने चढतेस?"

"आता वडासाठी येते," वहिनी म्हणाल्या.

श्रावण लागला आणि एका फांदीच्या टोकाशी गुलाबी टोपण घातलेला कोंब दिसला. गव्हाच्या दाण्याएवढा. वहिनींनी ही बातमी काकांना सांगायला पायात चप्पलसुद्धा घातली नाही. काकांनी उठून कपाट उघडले आणि वहिनींना पांढऱ्या दोऱ्याचे एक नवे कोरे रीळ दिले.

त्यानंतर दोन वर्षांनी काकांच्या मुलाने बदलापूरला नव्या टॉवरमध्ये घर घेतले आणि आईवडिलांना तिकडे नेले. सज्जा काचेने बंद केलेला. वारा नाही, ऊन नाही. झाडे वाटावी लागली. चिंच डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेली, उंबर पुतण्याकडे, बोगनवेल माझ्याकडे. वड कोणाकडे जाणार, हे विचारायचे धैर्य इमारतीत कोणालाच नव्हते. काकांनी तो स्वतःच उचलला आणि शिंदेवहिनींच्या दारात नेऊन ठेवला.

देवीकाकींना राहवले नाही. वहिनींच्या देखतच त्या म्हणाल्या, "जिने दूध पाजला तिलाच?"

"हो, तिलाच," काका म्हणाले. "नवा माणूस नवी चूक करेल, देवी. वहिनी जुनी चूक परत नाय करणार. माल वापरलेला चांगला, त्याचा भरवसा असतो."

वहिनी हसल्याही आणि रडल्याही. पण रात्री माझ्याकडे येऊन हळूच म्हणाल्या, "ताई, दोन-तीन वर्षांनी पुन्हा कुंडी बदलावी लागते म्हणतात. तेव्हा मुळं कोण कापणार? देवीकाकी तर चालल्या."

ती वेळ या वर्षी आली. सकाळपासून गच्चीवर विटेचा चुरा भिजत पडला होता. वहिनींनी आंघोळ करून, नवऱ्याला खाली चहा देऊन, वड कुंडीतून काढला, मुळे धुतली, विंचरली. एक मूळ गोल गोल फिरून दुसऱ्यांचा गळा आवळत होते. ते कापणे प्राप्तच होते. त्यांनी कात्री घेतली. माझ्याकडे पाहिले नाही. डोळे मिटून काहीतरी पुटपुटल्या, मग डोळे उघडले, आणि कापले. त्या वळणाच्या जागी कापाची एक पांढरी, ओली चकती दिसू लागली. वहिनी कात्री धरूनच खाली बसल्या.

"काकांना लावा फोन," त्या म्हणाल्या. "बरोबर झालं की नाही, त्यांनी बघितल्याशिवाय मी पुढं माती घालायची नाही."

मी व्हिडिओ कॉल लावला. पडद्यावर आधी छत आले, छतावरचा पंखा आला, मग देवीकाकींचा आवाज, "उलटा पकडलाय, उलटा!" मग काकांचा कान. मग अर्धे कपाळ. शेवटी चेहरा आला. जरा उतरलेला, पण सदऱ्याच्या खिशाला सुई टोचलेली दिसत होती.

मी फोन मुळांवर धरला. धुतलेली मुळे उन्हात चमकत होती. टोके पांढरी, तांदळाच्या शेवयांसारखी.

"कोणी कापला?" काकांनी विचारले.

"मी," वहिनी म्हणाल्या. "काका, काही चुकलं का?"

देवीकाकी मागून पुटपुटल्या, "बोला ना, बिचारी घाबरली." काकांनी फोन डोळ्यांपाशी नेला असावा, कारण पडद्यावर आता फक्त सुरकुत्या होत्या, आणि त्यांच्या मधोमध तो ऑपरेशन झालेला डोळा. मोठा, ओलसर, न हलणारा. डोळ्याची कड किंचित आक्रसली. काका हसत होते.

मग ते मला म्हणाले, "मॅडम, फोन जवळ धरा. एवढा साफ काप हाय, बघून घेतो."